बिननावाचा खड्डा

जामसंड्याच्या नाक्यावर अकरा रिक्षा उभ्या असतात. पैकी दहांत कोणीही बसतं. अकराव्या रिक्षात पोटुशा बायकांनीच बसावं असा काही नियम नाही, पण एखादी बाई एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात दवाखान्याची फाईल घेऊन नाक्याकडे येताना दिसली, की पहिल्या नंबरचा रिक्षावाला आपली रिक्षा मागे घेतो आणि ओरडतो, "सर्वेशा, तुझा गिऱ्हाईक इला रे!" रिक्षावाल्याने नंबर सोडणं म्हणजे काय, हे ज्याने स्टँडवर अर्धा तास काढलाय त्यालाच कळेल. तिथे सख्ख्या भावासाठी कोणी नंबर सोडत नाही. सर्वेश जोईलसाठी सोडतात.

कारण सर्वेशची पद्धतच तशी आहे. मागच्या सीटवर आईने शिवलेली वाकळ चौघडी करून घातलेली. पोटुशी बाई बसणार असली की मागच्या चाकांतली हवा थोडी सोडायची. हॉर्न वाजवायचा नाही. आणि बोलत राहायचं, पण दवाखान्याबद्दल नाही. आंब्याचा मोहोर, टीव्हीवरची मालिका, कोणाची सून कशी, असलं काहीतरी. शिवाय दवाखान्यापर्यंतचे सगळे खड्डे त्याला नावानिशी ठाऊक. नावं त्यानेच ठेवलेली. शाळेच्या वळणावरचा 'सरपंच': दिसायला मोठा, पण लांबूनच दिसतो, त्यामुळे तसा गरीब. पुढचा 'जावई': दर दिवाळीला कौतुकाने भरतात आणि तो परत हजर. पेट्रोल पंपाच्या अलीकडे दोन खड्डे शेजारी शेजारी आहेत, ते 'जुळे'. एकदा सर्वेश एका नवख्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "वयनी, धरून बसा, आता जुळे येतत." त्या बाईने जो हंबरडा फोडला, तो पंपावर पेट्रोल भरणाऱ्या पोराने अजून विसरलेला नाही.

आजवर एकतीस बायका त्याने दवाखान्यात सुखरूप पोचवल्या. "माझ्या रिक्षेत अजून कोण जन्माक येवक नाय," हे तो अशा अभिमानाने सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीच्या दहा रिक्षांत रोज एक बारसं होतं.

एक खड्डा मात्र त्याच्या यादीत नव्हता. सर्वेशच्या वाडीतून मोठ्या रस्त्याला लागताना काजूच्या बागेजवळ ओहोळावर एक मोरी आहे, तिच्या तोंडाशी तो आहे. त्याला नाव नाही. कारण सर्वेश त्या रस्त्याने जातच नसे. शाळेला वळसा घालून दोन किलोमीटर जास्त फिरे. कोणी विचारलं तर म्हणे, "हयसून सावली आसा." भर थंडीतही म्हणे.

सर्वेशची बायको अक्षया, माहेर फोंडाघाटचं. जामसंड्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसून ती लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. रेशनकार्ड, पेन्शन, शाळेचा दाखला, जगातल्या कुठल्याही अडचणीला एक अर्ज असतो आणि त्यात लाल फुलीचे रकाने रिकामे ठेवून चालत नाही, यावर तिचा विश्वास. घरात ती सासूशी आणि नवऱ्याशी मालवणीत बोलते. पण राग आला की ती दुकानातल्या भाषेत जाते. "तुका सांगलंय मा?" हे जोवर ऐकू येतंय तोवर सर्वेश निवांत जेवत असतो. "मी तुम्हाला कळवलं होतं," असं आलं की त्याच्या हातातला घास हातात राहतो.

गेले सात महिने घरात बहुतेक दुकानातलीच भाषा चालू होती.

अक्षया सात महिन्यांची पोटुशी होती. आणि या सात महिन्यांत सर्वेशने तिला एकदाही आपल्या रिक्षात बसवलं नव्हतं. तपासणीची तारीख आली की तो शेजारी राहणाऱ्या बाळा ड्रायव्हरची व्हॅन ठरवी. व्हॅनमध्ये पुढे अक्षया आणि सासू, आणि मागून पंधरा हातांवर सर्वेशची रिकामी रिक्षा, वाकळीसकट. ही मिरवणूक नाक्यावरून जाई तेव्हा स्टँडवर सगळे उभे राहत. एकाने विचारलंच, "रे सर्वेशा, बायलेक पोचवतंस काय पाळत ठेवतंस?" दुसरा म्हणाला, "तसा नाय रे, व्हॅन बंद पडली तर ढकलूक जाता." सर्वेश हसला. पण ते हसू दातांपर्यंतच आलं आणि तिथूनच मागे फिरलं.

व्हॅन दणकली की मागे रिक्षात याचा जीव वर येई. बाळाला फोन करी, "रे मेल्या, जुळे इले, हळू!" बाळा म्हणे, "फोनार बोलाक लावलंस तर जुळ्यांतच घालतलंय!" आणि पुढच्या सीटवर अक्षया काचेबाहेर बघत गप्प. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत असे: गावातली कुठलीही बाई त्या वाकळीवर बसते. मीच तेवढी नाही.

याचं मूळ दोन वर्षांमागे होतं. तेव्हा अक्षयाला तिसरा महिना होता. कुणकेश्वरच्या जत्रेला जायचं तिने धरलं. सासू आनंदीबाई म्हणाली, "ह्या वर्सा नको गो." अक्षया म्हणाली, "आये, बसान तर जावचा आसा." सर्वेशने नेलं. मोरीजवळ समोरून आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो आला, सर्वेशने रिक्षा बाजूला घेतली आणि डावं चाक खड्ड्यात गेलं. दणका बसला. अक्षया म्हणाली, "काय नाय, चल." जत्रा झाली, गुळातलं खाजं खाल्लं, दोघं हसत परत आली.

तिसऱ्या दिवशी सगळं संपलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी अक्षयाला आत बसवून काय ते समजावलं. सर्वेश त्या वेळी बाहेर होता. दारात रुग्णवाहिका आली म्हणून त्याला रिक्षा हलवायला लावली होती. तो परत आत आला तेव्हा अक्षया डोळे पुसून उठली होती. त्याने विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. घरी आल्यावर आनंदीबाईने भाताची पेज दिली, आणि त्या पेजेबरोबर तो विषय तिघांनीही गिळला. तेव्हापासून अक्षयाच्या मनात पक्कं बसलं होतं, की मी जत्रेचा हट्ट धरला म्हणून हे झालं असं नवऱ्याला वाटतं. म्हणून तो मला रिक्षात घेत नाही. आणि सर्वेशच्या मनात काय होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. रात्रंदिवस बोलून बायकांची भीती घालवणारा माणूस घरात शिरला की त्याची वाचा उंबऱ्यावर चपलांशेजारी राही.

माघातल्या रविवारी अक्षयाची ओटी भरली. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आठवा लागला की प्रवास नको, म्हणून दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, फोंड्याला जायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी हळू जायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. बायका हिरव्या साड्या सावरत परतल्या, आणि अक्षयाने बॅग भरता भरता विचारलं,

"सकाळी कितीक निघाचा?"

"नवाक. बाळाक सांगलंहा. एसी चालू करून घेतल्यान तेणा."

अक्षयाने हातातला टॉवेल घडी करून ठेवला. पुन्हा उलगडला. पुन्हा घडी केली.

"सर्वेश, मला एक विचारायचं आहे."

मालवणी गेली होती.

"गावातल्या एकतीस बायका तुमच्या रिक्षात चालतात. बत्तिसावी चालत नाही. याचं कारण मला लेखी द्या."

"अगो, लेखी काय..."

"तोंडी देता येत नाही म्हणून म्हणते."

"व्हॅनीक सस्पेन्शन बरा आसा," सर्वेश म्हणाला. आयुष्यात त्याने स्वतःच्या रिक्षाबद्दल उच्चारलेलं हे पहिलं निंदेचं वाक्य.

अक्षयाने टॉवेल बॅगेत घातला. मग शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. उद्या मी व्हॅनने जाईन. पण त्या व्हॅनने गेले, तर मला परत आणायला व्हॅन पाठवू नका आणि रिक्षाही पाठवू नका. बाळ मी तिकडेच वाढवीन. ज्या घरात मला कोणी काही सांगत नाही, तिथे त्याला तरी कोण काय सांगणार?"

आत स्वयंपाकघरात आनंदीबाईच्या हातातली पळी थांबली.

सर्वेश तोंड उघडून उभा राहिला. त्याला सांगायचं होतं. तो तीनदा "अगो" म्हणाला. तिन्ही अगो हवेत तसेच राहिले. शेवटी तो अंगणात गेला आणि रिक्षा धुवायला लागला. धुतलेलीच रिक्षा त्याने परत धुतली. आनंदीबाई पायरीवर येऊन म्हणाली, "रे, रिक्षेक तरी सांग काय ता. ती आयकता तुझा."

सोमवारी सकाळी आठ वाजता सगळे रवळनाथाच्या देवळात गेले. घरातली सून पहिल्या बाळंतपणाला निघाली की देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं आपण घालायचं नसतं, मानकऱ्याने घालायचं. आपण त्याला काय ते सांगायचं, तो देवाला सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. नारळाचा प्रसाद असतो म्हणून स्टँडवरचे सहा रिक्षावालेही आले होते. बाळा व्हॅन पिंपळाखाली, सर्वेशच्या रिक्षाशेजारी लावून आत आला. आनंदीबाई आणि अक्षया सभामंडपाच्या पायरीवर बसल्या. अक्षयाला पाच पायऱ्या चढवत नव्हत्या.

मानकरी विठोबा घाडी. वय बहात्तर, अंगावर मूठभर मांस, पण आवाज असा की त्याने वाडीत गाऱ्हाणं घातलं तर देवगडच्या बंदरात माणसं हात जोडतील. घाडीने तांब्यातलं पाणी डोळ्यांना लावलं आणि सर्वेशच्या तोंडाजवळ कान नेला.

"काय सांगाचा?"

"सुखरूप सुटका होवंदे म्हणान सांगा, काका."

"ता सांगतलंयच. चुकला माकला काय आसा?"

"नाय."

"बग हां. देवाकडे अर्धा सांगूचा नसता. मागाहून देव तुका ईचारूचो नाय, माका ईचारतलो."

सर्वेशने समोर बघितलं. देवाच्या पायाशी नारळ होता. बाहेर पिंपळाखाली बॅग भरलेली व्हॅन होती. आणि काय झालं कोणास ठाऊक, दोन वर्षं जे बायकोला सांगता आलं नाही, ते त्याने त्या म्हाताऱ्याच्या केसाळ कानात सगळं सांगून टाकलं. भडाभडा, पण कुजबुजत. कानात सांगितलेली गोष्ट कानातच राहते अशी त्याची समजूत. घाडीला आवाज एकच आहे आणि तो मोठा आहे, हे जन्मापासून गावात राहूनही तो त्या क्षणी साफ विसरला.

घाडी सरळ झाला. हात जोडले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज जोईलाची सून पयल्या बाळंतपणाक म्हायेराक चलली, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी खणखणीत साथ दिली.

"जाता ती पोट घेवन, येवंदे ती कडेर घेवन, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता ह्या लेकराचा चुकला काय ता आयक. दोन वरसांमागे मोरीकडे हेच्या हातसून रिक्षेचा चाक खड्ड्यात गेला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने साथ गेली. सर्वेशने डोळे घट्ट मिटले.

"तेच्या बायलेच्या पोटातलो जीव गेलो, तो आपल्या हातान गेलो असा तो समाजता, म्हाराजा!"

"व्हय..." अर्धेच आवाज आले. बाळाने तर तोंडावर हात ठेवला.

"म्हणान तो तिका रिक्षेत घेयना, म्हाराजा! गावच्या बायकांक नेताना हात थरथरत नाय, हिच्या नुसत्या नावान थरथरतत, म्हाराजा! दोन वरसांत तो त्या वाटेक गेलो नाय, म्हाराजा!"

या वेळी कोणीच काही म्हणालं नाही. घाडीने साथीसाठी वाट पाहिली, मागे वळून रिक्षावाल्यांकडे रागाने बघितलं. ते सगळे सभामंडपाच्या दाराकडे बघत होते.

दारात अक्षया उभी होती. पाच पायऱ्या चढून आली होती. एक हात खांबाला, श्वास लागलेला.

"घाडीकाका," ती म्हणाली, "नारळ फोडू नकात. माझाव एक गाऱ्हाना आसा."

घाडीने सर्वेशकडे बघितलं, देवाकडे बघितलं. एका नारळात दोन गाऱ्हाणी त्याच्या हयातीत झाली नव्हती. पण पोटुशीला नाही म्हणायची कोणाची छाती? त्याने कान पुढे केला. अक्षयाने कानात सांगितलं नाही. सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं.

"देवाक सांगा, डॉक्टरीणबाईन माका तेव्हाच सांगलेला, खड्ड्यान काय झाला नाय म्हणान. तो गर्भ सुरवातीपासूनच नीट धरलेलो नव्हतो. घरात निजान रवलंय आसतंय तरी तसाच झाला असता. कोणाची चूक नाय. आणि ह्याव सांगा, की माका वाटला, मी जत्रेक जावचो हट्ट केलंय म्हणान हो माझ्यार राग धरून आसा. म्हणान मी गप रवलंय."

घाडीने ते सगळं देवाला जसंच्या तसं सांगितलं. आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. शेवटी पदरचं एक वाक्य घातलं.

"आणि ह्या दोगांनी एकाच घरात ऱ्हवान दोन वरसां एकमेकांक ता ईचारल्यानी नाय, म्हाराजा! मगे ह्यांका तोंडां कित्याक दिलंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज आनंदीबाईचा होता.

सर्वेश खांबाला टेकून खाली बसला. अक्षयालाही बसावंसं वाटत होतं, पण तिला आता खाली बसलं तर उठता येत नव्हतं. म्हणून ती तशीच उभी राहून त्याच्या डोक्यावरून म्हणाली, "चल. नव वाजाक इले."

ती व्हॅनच्या पुढून गेली आणि रिक्षाशी थांबली. वाकळीवर हात फिरवला, जसं कोणी दुसऱ्याच्या घरची उशी चाचपून बघतं. मग कण्हत, एक पाय आधी, मग पोट, मग दुसरा पाय, अशी चढून बसली.

"अगो, व्हॅन..."

"व्हॅनीत आयेक घाल, बॅग आसाच. मागसून येवंदेत."

सर्वेशने मागच्या चाकांची हवा सोडली. एकदा सोडली, दाबून पाहिली, पुन्हा सोडली. चावी लावताना ती दोनदा खाली पडली.

"माका भ्या दिसता," तो पुढे बघूनच म्हणाला.

"माकाय दिसता," अक्षया म्हणाली. "मोरीवरसून घे."

"शाळेकडसून सावली..."

"सर्वेश."

रिक्षा निघाली. एखाद्याने कपभर गरम चहा तळहातावर ठेवून चालावं तशी निघाली. मागून व्हॅन, व्हॅनमध्ये आनंदीबाई खिडकीतून डोकं बाहेर काढून "हळू रे" म्हणतेय. रिक्षा इतकी हळू की वाटेत एक म्हैस त्यांना मागे टाकून गेली.

काजूची बाग आली. मोरी आली. सर्वेशने रिक्षा थांबवली आणि खाली उतरला. खड्डा होता. गेलेला नव्हता. पण गेली दोन वर्षं त्याच्या डोक्यात जो होता तो विहिरीएवढा होता, आणि हा भाताच्या टोपाएवढा. आत काजूची चार वाळकी पानं पडली होती. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

मागून बाळाने हॉर्न दिला. आनंदीबाईने बाळाला चापट मारली, ती इथवर ऐकू आली.

"ह्याचा नाव काय?" अक्षयाने आतून विचारलं.

"नाव नाय ठेवलंय."

"मगे ठेव. सगळ्यांका ठेवलंस."

सर्वेशने खूप विचार केला. जावई, सरपंच, जुळे, एवढी नावं सुचलेला माणूस. पण जीभ उचलेना. "ऱ्हवांदे," तो शेवटी म्हणाला. "ह्याका नको."

"बरां," अक्षया म्हणाली.

तो बसला. उजवीकडून, काजूच्या फांद्या टपाला घासतील इतक्या कडेने, त्याने रिक्षा काढली. चाक खड्ड्याच्या काठावरून गेलं. जरासा हेलकावा आला, तेवढाच. दहा हात पुढे जाऊन त्याने परत ब्रेक लावला आणि आरशात बघितलं. आरशात अक्षया पोटावर दोन्ही हात ठेवून, डोळे मिटून, ओठ घट्ट धरून बसली होती.

"काय झाला? अगो, काय झाला?"

"काय नाय झाला."

"नक्की?"

"नक्की."

"दुखता काय?"

"नाय."

"हालता मा?"

तिने डोळे उघडले. थांबली. कुठेतरी आतलं ऐकल्यासारखी थांबली, आणि तेवढ्या वेळात सर्वेशच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला.

"हालता," ती म्हणाली. "सर्वेश, फोंडो अजून पन्नास किलोमीटर आसा. असोच ईचारीत ऱ्हवलंस तर बारसा वाटेत करूचा लागतला."

सर्वेशने गिअर टाकला. मोठा रस्ता लागला. मग त्याला आठवलं की पोटुशी बाई मागे बसली की बोलत राहायचं असतं. घसा साफ करून तो म्हणाला, "ह्या वर्सा मोहोर बरो आसा," आणि लगेच, "हालता मा अजून?"